'वर' लिहिलेली पेटी

भिवाजी चिडका आहे हे जऊळक्यात कुणाला सांगावं लागत नव्हतं. पण पंचाहत्तरच्या चैतात त्याच्यावर जी वेळ आली, तीत एखाद्या शांत माणसानंसुद्धा डोकं आपटून घेतलं असतं.

बौद्ध मोहल्ल्यानं वर्गणी करून लाऊडस्पीकरचं मशीन घेतलं होतं. दरसाली बाबासाहेबांच्या जयंतीला मालेगावहून भाड्यानं भोंगा यायचा आणि ऐन वेळी दुसऱ्याच कुणाच्या कार्यक्रमाला निघून जायचा. "आता आपलं सोताचं घ्या," असं बेबीताईनं एकदा सगळ्यांना झाडलं, तेव्हा कुठं हे मशीन आलं. गाणी तीच म्हणायची, म्हणून तिचा शब्द चालायचा. मशीन ठेवायला दिलं भिवाजीकडे, कारण कुणालाही हात लावू न देणारा माणूस मोहल्ल्यात तोच एक होता. आणि जयंती तोंडावर आली असताना त्यातला एक व्हॉल्व्ह गेला.

भिवाजी मशीन घेऊन अकोल्याला गेला, दुरुस्त करून घेतलं, आणि तिथंच त्यानं पेटी बांधायला घेतली. व्हॉल्व्ह म्हणजे नुसती काच, आत केसासारखी तार. त्यानं एकेका व्हॉल्व्हला सरकी काढलेला कापूस गुंडाळला, वरून जुन्या धोतराची पट्टी. पेटीच्या तळाशी कुटार, म्हणजे गुरांपुढं टाकतात तो भुसा, मशीनच्या चहूबाजूंनी कुटार, मधे माईक. झाकणाला स्क्रू लावले. खिळा ठोकला असता तर त्या धक्क्यानंच तार तुटली असती. भोंगा पोत्यात घालून पेटीलाच दोरानं बांधला. मेकॅनिक म्हणाला, "कोणती बाजू वर ठेवायची ते लिहा, नाही तर हमाल उलटी टाकतात." भिवाजीनं लाल रंगानं चारही बाजूंना ठसठशीत लिहिलं, 'वर', आणि प्रत्येकाखाली एक बाण काढला. झालं! इथंच घोटाळा झाला, आणि बिचाऱ्याला पत्ताही नव्हता.

गार्डानं पेटी डब्यात घेऊ दिली नाही. "मागं ब्रेकमध्ये, सामानाच्या डब्यात टाका," म्हणाला. भिवाजीनं हुज्जत घातली, हात जोडले, शेवटी पेटी ब्रेकमध्ये गेली आणि तिच्यावर लगेच कुणीतरी कोंबड्यांची डाल ठेवली. त्याच गाडीनं अकोल्याचं एक वऱ्हाडही निघालं होतं. नवरदेवाकडची माणसं भलती हुशार. आपलं सामान नवरीकडच्या सामानात मिसळू नये म्हणून त्यांनी सगळ्या ट्रंकांवर लाल रंगानं लिहून ठेवलं होतं: 'वर'.

जऊळक्याला गाडी थांबते ती थांबल्यासारखं करते. भिवाजी पुढच्या डब्यातून उतरून धावत ब्रेकपाशी पोचला तर तिथं कोंबड्यांची डाल होती आणि पेटी नव्हती.

"माही पेटी कुठं हाय बे?" त्यानं लखमा हमालाला धरलं.

"वराकडची? दमणीत घातली की! बैल जुपलेच होते. ग्यानबाच्या गावाले गेली. त्याच्या पोरीचं लगन हाय ना."

"अबे, वराकडची नाई! वर! वरची बाजू!"

"मंग बाण कायले काहाडला? मले वाटलं, तिकडं न्या म्हन्ते."

भिवाजीनं कपाळावर हात मारला. अरे बाप्पा, आता याला काय बोलावं! कुणाची तरी सायकल उसनी मिळेपर्यंत दोन तास गेले, मग तो मालेगावच्या रस्त्यानं सुटला. दमणीत पेटी उलटी असेल, वर कुणीतरी बसलं असेल, पोरं नाचत असतील. उद्या मोहल्ल्याला काय तोंड दाखवायचं? वाटेत त्यानं लखम्याला, गार्डाला, मेकॅनिकला आणि सरतेशेवटी स्वतःच्या अक्षरालाही शिव्या घातल्या.

मांडवात पोचला तर पेटी उघडलेली. व्हॉल्व्हवरचा कापूस आणि कुटार जमिनीवर, आणि कुटार एक गोऱ्हं खात उभं. मशीन आंदणाच्या भांड्यांमध्ये, त्याला हळदीकुंकू लावलेलं. भोंगा लिंबावर टांगलेला, वायर लाईटच्या बोर्डात, मशीन चालू! माईक टेबलावर उघडा पडलेला. भिवाजी सायकल टाकून आत घुसला.

"हे माह्यं मशीन हाय! कोनाले इचारून खोललं?"

नवरदेवाचा बाप जगदेव मशीनवर हात फिरवत होता. "तुमचं कसं? ग्यानबानं आंदण देल्लं आमाले. रेडिओ मांगतला होता, त्याच्यापेक्षा मोठंच देल्लं."

ग्यानबा पुढं आला आणि भिवाजीला बाजूला घेऊन हळूच बोलला, "भाऊ, मी काईच देल्लं नाई. रेडिओ नाई म्हून हे लोक रुसून बसले होते. पेटीवर 'वर' पाह्यलं, वरासाटीच आंदण आलं समजले आन उठले. मी गप राह्यलो. चुकलं माह्यं."

"चुकलं म्हंजे? उद्या आमच्या मोहल्ल्यात जयंती हाय! बाबासायबाची!" भिवाजी ओरडला, आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं.

जगदेवनं मशीनवरचा हात चटकन काढला, उपरण्याला पुसला. भिवाजीला ते दिसलं. दिसावं असंच ते केलं होतं.

"घिऊन जाय तुह्यं," जगदेव म्हणाला. "आमाले नाई पायजे. ग्यानबा, आता नवा रेडिओ आना. त्याबिगर पोरगा पाटावर बसनार नाई."

भिवाजीचं काम झालं होतं. मशीन शाबूत होतं, मिळत होतं, आणि ऊन उतरायच्या आत घर गाठायचं होतं. तो मशीन बंद करायला वाकला. तेवढ्यात हळदीनं पिवळी झालेली नवरी, हेमला, उठून टेबलाशी आली.

"बाबा, रेडिओ आनाचा नाई," ती म्हणाली. माईक तिच्या पुढ्यातच होता. लिंबावरून पुटपुटल्यासारखा आवाज आला.

भिवाजीचा हात बटनाशी थांबला. नव्या व्हॉल्व्हवर लगेच जोर टाकणं हा शुद्ध मूर्खपणा होता, मेकॅनिकनं दहादा बजावलं होतं. मसणात गेला मेकॅनिक! त्यानं आवाजाचं बटन शेवटपर्यंत फिरवलं.

"ज्यायले रेडिओ पायजे," हेमलाचा आवाज गावभर गेला, "त्यायनं रेडिओसंगं लगन लावावं. मी घरी बसून राहीन."

आटाळ्यात चुलीपुढं भाकरी थापणाऱ्या बायासुद्धा बाहेर आल्या. जगदेवनं पोराला उठू नको म्हणून खुणावलं, पण गावभर झालं होतं. मग नवरदेव उठला, बापाकडे न पाहता पाटावर जाऊन बसला आणि म्हणाला, "मले रेडिओ नाई पायजे. लावा लगन." माईक चालूच होता, तेही गावानं ऐकलं.

"झालं ना? सरा आता! मले मशीन बांधू द्या!" भिवाजी खेकसला. डोळे कशानं भरून आले ते त्यालाच कळेना, आणि त्याचाही त्याला राग आला.

पण तापलेले व्हॉल्व्ह कापसात बांधता येत नाहीत. गार होईपर्यंत थांबणं भाग होतं. अक्षता पडल्या, पहिली पंगत बसली, आणि ग्यानबानं भिवाजीचा हात धरून त्याला वऱ्हाड्यांच्या रांगेत बसवलं. दोघं-तिघं उठून दुसरीकडे गेले. ग्यानबा त्यांच्यामागं गेला नाही. मोकळ्या झालेल्या जागेवर तो स्वतः पत्रावळ घेऊन भिवाजीला खेटून बसला.

"वाढा हो इकडं," तो ओरडला, "आमी दोघं भुकेलो हाओ."