शिवारभर धुण्याचा सोडा

आष्ट्याजवळ गाडी थांबवली, तर समोरचं शिवार पांढरंशुभ्र! मी दोन्ही हात पसरून ओरडलो, "काका, कृष्णाकाठी बर्फ?"

बांधावरच्या म्हाताऱ्यानं तो पांढरा थर चिमटीत घेतला, थुंकी लावून बोटांवर चोळला. बोटं साबण लावल्यासारखी बुळबुळीत झाली.

"आवं, धुण्याचा सोडा हाय ह्यो. उसाला लय पाणी पाजलं आमी, तवा जमिनीच्या पोटातनं वर आला. आता हितं गवतबी येत न्हाई."

"मग कपडे फुकटात धुवा की!"

"व्हय, लख्ख निघत्यात," म्हातारा म्हणाला आणि पाहुण्याचा मान राखायला हसला.

हा किस्सा मी पुष्कळदा रंगवून सांगितलाय. लोक माझ्या विनोदाला हसतात आणि मी तिथंच थांबतो. म्हातारासुद्धा हसला होता, हे मात्र कुणाला सांगवत नाही.