कूलरची बाही

आमच्या वरच्या मजल्यावरचे काका एकदा बोलायला लागले की त्यांच्या तोंडाला टाके घालणारा माणूस पांढरकवड्यात अजून जन्मायचा होता. बाकी या जगातली कुठलीही वस्तू शिवून दुरुस्त होते, असं त्यांचं ठाम मत. शिवणाचं दुकान बंद करून वर्षं झाली, तरी गळ्यातली टेप काही उतरली नाही. भाजी आणायला टेप, लग्नाला टेप, दवाखान्यात टेप. बोलता बोलता समोरच्याचा खांदा मापून मोकळे. एकदा माझ्या बँकेतल्या साहेबांना म्हणाले, "साहेब, तुमचा डावा खांदा अर्धा इंच खाली हाय." बिचारे साहेब महिनाभर डावा खांदा उचलून चालत होते. छत्री, चप्पल, सोफा, सगळं शिवून झालं होतं. गळका पाइपसुद्धा त्यांनी रेक्झिनमध्ये शिवला. तो गळायचा थांबला नाही, पण गळताना फार सुबक दिसायचा.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी आई न्हाणीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर तिला बाथरूमजवळ ठेवणं भाग होतं, म्हणजे मधल्या खोलीत. बिल्डरनं नकाशात तिला 'स्टडी रूम' म्हटलंय. चार भिंती, एक दार, खिडकी औषधालाही नाही. त्यात आमच्याकडचा मे महिना! पंखा लावला की तापल्या तव्यावरची वाफ अंगावर यायची. आईची पाठ घामोळ्यांनी भरली, जेवण सुटलं. एसीवाला आला, बाहेरची भिंत दोन खोल्या पलीकडे आहे हे पाहून "सीझन संपल्यावर बघू" म्हणत गेला. पुण्याहून दादाचा रोज फोन. रविवारपर्यंत खोली गार झाली नाही तर मी गाडी घेऊन येतो आणि आईला इकडे घेऊन जातो, म्हणाला. त्याचंही काही चुकत नव्हतं. पण आई म्हणाली, "तिथं गेली की मी वापस येत नाही," आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

काकांना हे जिन्यात कळलं. तडक आत आले, टेप काढली आणि गॅलरीपासून आईच्या उशीपर्यंत घर मापलं. "कायले टेन्शन घेतं पोरी? कूलर गॅलरीत, वहिनी आत. मंग कूलरले बाही लावू ना!"

झालं! काकांचं शिलाई मशीन खाली आलं. आईनं पडल्या पडल्या आपल्या जुन्या सुती साड्या निवडून दिल्या. आतून शेतातला कापूस झाकायच्या प्लास्टिकचं अस्तर, मधे मधे बांबूच्या कड्या. दोन दिवसांत कूलरच्या तोंडापासून हॉलमधून थेट मधल्या खोलीपर्यंत, बकरी गिळलेल्या अजगरासारखी ती बाही फुगून लोंबू लागली. गॅसवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत जो येईल तो आमच्या हॉलमध्ये कमरेत वाकू लागला. एवढी नम्र माणसं मी आयुष्यात पाहिली नव्हती.

आणि शनिवारी सगळं फसलं. खोलीत गारव्याऐवजी नुसती चिकचिक. भिंतींना घाम, पापड मऊ, उशी ओली. आई म्हणाली, "भाऊजी, मले वाफवून राह्यले काय तुम्ही?" काकांचा चेहरा पडला. त्या दिवशी त्यांच्या तोंडाला खरंच टाके पडले. दिवसभर स्टुलावर बसून बाहीकडे बघत राहिले, चहासुद्धा घेतला नाही. मला त्यांचा राग येत होता आणि कीवही.

दिवेलागणीला ताडकन उठले. "हवा आत जाते ते निघाले जागाच नाही! बाही लावली अन् गळा कापाचा राह्यला वो! नवशिक्यानं करावं असं केलं मी!" दारावरची प्लायची फळी कापून त्यांनी खोलीला गळा काढला, आणि तिथून दुसरी छोटी बाही बाथरूमच्या एक्झॉस्ट फॅनला जोडली. तेव्हापासून आंघोळ करताना डोक्यावर आईची जांभळी साडी डोलायची.

रविवारी दुपारी दादा आला. तणतणतच आला, पण हॉलमध्ये त्यालाही वाकावं लागलं. आत पाऊल टाकलं आणि घाम पुसायला काढलेला रुमाल तसाच खिशात ठेवला. आई मला म्हणाली, "गोधडी दे व, थंडी वाजून राह्यली मले." भर मे महिन्यात! मी गोधडी शोधायच्या निमित्तानं आत जाऊन रडून घेतलं. बाहेर आले तर दादा आईच्या पायाशी घोरत होता. दुसऱ्या दिवशी तो एकटाच परत गेला.

पुढे काकांची नजर कमी झाली, सुईत दोरा जाईना. दिवाळीत मुलगी त्यांना अमरावतीला घेऊन गेली. जाताना माझ्या हातात टेप ठेवली आणि चक्क काही बोलले नाहीत. यंदा दादानं लांब पाइप टाकून एसी बसवून दिला. मी बाही उतरवून, घडी घालून माळ्यावर ठेवली. आई आता काठी घेऊन घरभर फिरते. पण हॉलच्या मधोमध आली की दुखरा खुबा सांभाळत वाकते. "आई, आता वर काही नाही," मी चिडून सांगते. "मले काय दिसत नाही?" म्हणते, आणि पुन्हा वाकते.

परवा काकांचा फोन आला, आईनं तो स्पीकरवर घेतला. इकडची तिकडची चौकशी झाली, मग आवाज एकदम बारीक. "वहिनी, माही बाही हाय ना वो अजून?"

एसी चालू होता. मी आईकडे बघत राहिले.

"हाय ना भाऊजी," आई म्हणाली. "आताच वाकून आली मी."