म्हातारी उठली

कुणी भुताखेतांची गोष्ट सांगायला लागलं की मी आधी वायरिंग तपासून घ्या म्हणते. सासरी-माहेरी यावरून माझी भरपूर टिंगल होते. त्यामुळे हे मी लिहितेय हे वाचून ओळखीतले बरेच जण हसतील... हसू देत.

मी सीवूड्सच्या एका लॉजिस्टिक्स ऑफिसात अ‍ॅडमिन बघते. मध्यंतरी हेड ऑफिसचा फतवा निघाला — सगळ्या मशीन्सची पॉवर सेटिंग्ज एकसारखी करा. गरज होतीच म्हणा. एका मॉनिटरवर ‘स्टँडबाय’, दुसऱ्यावर ‘सस्पेंड’, प्रिंटरवर ‘इको’. कुठे लाल दिवा म्हणजे झोपलंय, कुठे लाल म्हणजे बिघडलंय. लोक मशीन झोपवायला जायचे आणि बंद करून बसायचे. मी नियमच करून टाकला: हिरवा दिवा म्हणजे चालू, पिवळा म्हणजे झोपेत, दिवा नाही म्हणजे बंद. झोपेच्या बटणावर सगळीकडे चंद्रकोरीचा स्टिकर. मी रोल घेऊन फिरायला लागले की लोक टेबलावरचे हात काढून घ्यायचे — न जाणो, हातालाही चिकटवेल.

महिन्याभरात ऑफिस सुतासारखं सरळ झालं, एक म्हातारी सोडून.

म्हातारी म्हणजे पॅसेजच्या टोकाचं जुनं झेरॉक्स मशीन. नाव ठेवलं समीरने, तो माझ्या शेजारी बसतो. तिचं सगळं उलटं. झोपली की हिरवा दिवा लागायचा, जागी झाली की विझायचा. आणि उठायची ती कधीही, कुणी हात न लावता — आधी घरघर, मग आतून खडखडाट, जसं काही कुणी तिची झोपमोड केली.

आता दुसरी म्हातारी. माझी आई. आम्ही सारसोळ्याचे, नेरूळच्या खाडीकाठच्या गावचे कोळी. मी लग्नानंतर नेरूळमध्येच फ्लॅटमध्ये राहते, आई गावात भावाकडे. जन्मभर मासळी विकली तिने, अख्खा बाजार तिच्या तोंडाला घाबरायचा. हल्ली विसरायला लागलीय. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण दुपारी झोपून उठली की त्यांची होडी यायची वेळ झाली म्हणून ती जेट्टीकडे निघते. म्हणून वहिनी कुठे जाताना दाराला बाहेरून कडी लावते, आणि आई उठली की मला फोन करते. फोनवर माझा आवाज ऐकला की आई खाली बसते. का, ते डॉक्टरलाही सांगता येत नाही.

तर एका दुपारी वहिनीचा फोन आला, ‘म्हातारी उठली गो.’ आणि त्याच वेळी पॅसेजमधून समीर म्हणाला, ‘मॅडम, म्हातारी उठली.’ मी इतकी हसले की वहिनीला वाटलं मला काहीतरी झालं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच झालं. मग परत. मग उलट व्हायला लागलं — मशीन आधी घरघरायचं, मी घरी फोन लावायचे आणि वहिनी म्हणायची, आताच उठली, तुला कसं कळलं?

मला भीती नाही वाटली, राग आला. मशीनची नेटवर्कची वायर काढली. टेक्निशियनला बोलावलं, त्याने पेपर सेन्सरवर बिल फाडलं. फरक शून्य. माझं मात्र कामात लक्ष लागेना. मशीन गप्प असलं तरी चैन नाही, घरघरलं तरी चैन नाही. डबासुद्धा मी पॅसेजमध्ये उभ्याने खायला लागले. शेवटी वैतागून मी तिचा प्लगच काढला, वायर गुंडाळून झाकणावर ठेवली आणि आमच्या मॅनेजरना, देसाई सरांना सांगितलं की हे धूड भंगारात द्या, हे आपल्या नियमात बसायचं नाही.

दोन दिवस शांतता होती. तिसऱ्या दुपारी घरघर सुरू झाली.

समीर पाणी भरायला उठला होता. ‘मॅडम, म्हातारी...’ एवढंच म्हणाला आणि थांबला. वायर त्याच्या डोळ्यांसमोर झाकणावर होती. आतून खडखडाट चालूच. देसाई सर केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. मी वहिनीला फोन लावला, तिने उचलला नाही. पुन्हा लावला. मग मी चप्पल नीट न घालताच खाली धावले आणि रिक्षा पकडली.

घराची कडी निघालेली होती, घाईत नीट बसली नसावी. वहिनी मुलाला शाळेतून आणायला गेली होती, फोन ओट्यावरच राहिला होता. अंथरूण रिकामं. मी जेट्टीकडे पळाले. भरती सुरू झाली होती. आई पायऱ्यांच्या खाली, गुडघ्यापर्यंत चिखलात रुतलेली, पाणी मांड्यांना लागलेलं. आजूबाजूला कुणी नाही. मी ओरडले तशी लांब होड्यांच्या आड जाळी विणत बसलेली दोन माणसं धावत आली, तिघांनी मिळून तिला ओढून काढलं. ती थरथरत होती, पण रडत नव्हती. माझ्यावर चिडली होती.

‘कवाची हाक मारतंय तुला,’ ती म्हणाली. ‘आता आयलीस?’

मी तिला घट्ट धरून तिथेच पायरीवर बसले आणि लहान मुलासारखी रडले.

नंतर मी बऱ्याच जणांना विचारलं. टेक्निशियन म्हणाला, प्लग काढल्यावरही आत थोडा करंट उरतो. दोन दिवस? यावर त्याने विषय बदलला. समीर तर आता त्या पॅसेजने जातच नाही, लांबून वळसा घालतो.

भंगारवाल्याची गाडी आली तेव्हा मी मशीन देऊ दिलं नाही. देसाई सरांनी बोलावून घेतलं. त्या दुपारबद्दल आम्ही दोघं कधी बोललेलो नाही.

‘हेड ऑफिसला कारण काय सांगू?’ त्यांनी विचारलं.

‘कारण मला माहीत नाही, सर. पण ती इथेच राहील.’

त्यांनी पॅसेजकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘निदान प्लग तरी लावून ठेवा.’

तो मी अजून लावलेला नाही. लावला, तर घरघर ऐकल्यावर मला कळणार कसं... नक्की कोण उठलंय?