नव्या पुडीचे दिवस

दुसऱ्या बाळंतपणात माझं ब्लडप्रेशर वाढलं ते पुन्हा खाली आलंच नाही, आणि मुलगी दोन वर्षांची होईपर्यंत दोन्ही किडन्या निकामी झाल्या. मी एकतीस वर्षांची होते. धरणगावजवळच्या आमच्या गावात प्राथमिक शाळेत शिकवत होते. नव्वदीची सुरुवात होती ती. जळगावात एका खासगी दवाखान्यात डायलिसिसची दोन मशिनं होती. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी त्यांतल्या एकावर माझी पाळी असे.

सोबतीला सासूबाई येत. सगळं गाव त्यांना अक्का म्हणे, म्हणून मीही अक्काच म्हणायची. यजमान शेत आणि दोन्ही मुलं सांभाळत. अक्का शाळेची पायरी चढलेल्या नव्हत्या आणि अहिराणीशिवाय दुसरं काही बोलत नव्हत्या. एसटीत मला खिडकीजवळ बसवून त्या स्वतः कडेला बसत, कोणाचा धक्का माझ्या डाव्या हाताला लागू नये म्हणून. त्या हाताच्या मनगटात डॉक्टरांनी शीर जोडून ठेवली होती, सुया तिथेच टोचायच्या.

पहिल्या दिवशी मशीन सुरू झालं आणि पाचेक मिनिटांत माझे तळहात खाजू लागले. चार-पाच शिंका आल्या. सिस्टर म्हणाली, "घाबरलात तुम्ही, होतं पहिल्यांदा." थोड्या वेळानं ते थांबलं, आणि पुढच्या सहा वेळा काहीच झालं नाही. मी विसरूनही गेले.

तीन आठवड्यांनी एका शुक्रवारी तेच पुन्हा सुरू झालं, पण या वेळी थांबेना. आधी तळहात, मग पोट, मग सगळ्या अंगावर गांधी उठल्या. हातातली सुई जिथे होती तिथून आग दंडापर्यंत चढली. छाती आवळून आली, घसा आतून सुजल्यासारखा झाला. "श्वास," एवढंच मला म्हणता आलं. सिस्टर केरळची होती, बारकीशी, चष्म्याची. तिनं एका क्षणात मशीन थांबवलं, दोन्ही नळ्यांना चिमटे लावले आणि डॉक्टरांना हाक मारली. ऑक्सिजनचा मास्क, दंडात एक इंजेक्शन, शिरेत दोन. छत लांब लांब जात होतं. दारातल्या काचेतून अक्कांचा चेहरा तेवढा दिसत होता.

मी सावरल्यावर अक्कांनी पाहिलं की नळ्यांमधलं माझं रक्त सिस्टरनं परत न देता टाकून दिलंय. आधीच माझ्या अंगात रक्त कमी. त्या कळवळल्या. डॉक्टरांनी समजावलं, "अक्का, ते आत सोडलं असतं तर अजून बिघडलं असतं." डॉक्टर तरुण होते, मुंबईत शिकून नुकतेच परत आलेले. मग त्यांनी विचारलं, "सकाळी काय खाल्लं होतं हिनं?"

त्यांनी सहज विचारलं होतं, तो डॉक्टरांचा नेहमीचा प्रश्न. पण माझं सगळं खाणं अक्काच रांधायच्या. बिनमिठाचं, भाज्या पाण्यात भिजवून ते पाणी फेकून, डॉक्टरांनी सांगितलं तसं काटेकोर. त्या दिवसापासून त्यांनी स्वतःच्या हातावरच संशय धरला. आधी वांगं बंद केलं, मग शेंगदाणे, मग लसूण. मला बंद केलेलं त्या स्वतःही खाईनात. गावात कोणी म्हणालं नजर लागली, कोणी म्हणालं अक्कांच्या हातून काहीतरी गेलं असेल पोटात. मी म्हणायची, "अक्का, तुमच्यामुळे नाही हो." त्या मान हलवत आणि पुढच्या वेळी भाजी तीनदा धुवत.

तीन आठवडे पुन्हा नीट गेले. आणि परत एका शुक्रवारी तसंच. आधी इंजेक्शन देऊन ठेवलं होतं म्हणून जीव वाचला, असं सिस्टर नंतर म्हणाली. त्या दिवशी मी सकाळपासून फक्त दोन घास भात खाल्ला होता.

मला जरा बरं वाटल्यावर अक्का चप्पल दाराबाहेर काढून आत आल्या. आत यायची परवानगी नव्हती. पदर डोक्यावर घट्ट ओढून त्या सिस्टरसमोर उभ्या राहिल्या.

"शिष्टर, एक गोठ सांगू का?"

सिस्टरला अहिराणी येत नव्हती, अक्कांना हिंदी. दोघींच्या मध्ये मी पडलेली.

"ज्या दिन तुम्ही नवी पुडी फाडतस," अक्का म्हणाल्या, "त्याच दिन हिले खाज सुटस. धुयेल नळी राहिनी का काहीच व्हत नही."

मी मास्क बाजूला करून हिंदीत सांगितलं.

त्याचा अर्थ असा होता. रक्त ज्यातून गाळलं जातं ती काचेच्या बाटलीएवढी नळी, तिला तिथे सगळे 'किडनी'च म्हणत, ती महाग, म्हणून एका पेशंटची धुऊन, औषधात बुडवून, त्याच्याच नावाची चिठ्ठी लावून सहा-सात वेळा वापरत. मग नवी काढत, बंद पुडीतून. काचेबाहेर बसलेल्या अक्कांनी एवढंच पाहिलं होतं की पुडी फाडल्याचा आवाज आला की माझी अवस्था वाईट होते.

सिस्टर हसली असती तर मी तिला दोष दिला नसता. ती हसली नाही. ती माझा केसपेपर घेऊन डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर स्वतः आले, पलंगाच्या कडेला टेकले आणि तारखा ताडून पाहू लागले. पहिला दिवस नवी. दुसरा त्रास, नवी. आजची, नवी. दोनदा पाहिलं त्यांनी. मग उठून आपल्याकडचं एक जाड पुस्तक घेऊन आले आणि उभ्यानंच वाचलं.

"अक्का, बसा," ते म्हणाले. अक्का जमिनीवर बसू लागल्या, तर त्यांनी हात धरून स्टुलावर बसवलं. "नवी किडनी कारखान्यात जंतू मारायला एका वायूतून काढतात. तो थोडा आत राहतो. काहींच्या अंगाला तो सोसत नाही. धुतली की निघून जातो. हे आमच्या लक्षात यायला पाहिजे होतं."

अक्कांना त्यातलं किती कळलं कोण जाणे. त्यांनी एकच विचारलं, "म्हंजे मना रांधाना दोष नही?"

"अजिबात नाही."

तेव्हा त्या रडल्या. इतक्या दिवसांत मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहिलं. सिस्टरनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि मल्याळममध्ये काहीतरी बोलली. त्याचं भाषांतर कोणालाच लागलं नाही.

पुढची नवी पुडी निघायची होती त्या मंगळवारी सिस्टर तासभर लवकर आली. एरवी एक बाटली सलाइननं नळी धुवत, त्या दिवशी तिनं चार बाटल्या सोडल्या, नळी आडवी-उभी करत, टिचक्या मारत. डॉक्टर इंजेक्शनं भरून शेजारी उभे राहिले. अक्कांना हिरवा गाऊन घालून माझ्या उशाशी बसवलं होतं. त्यांनी माझा उजवा हात धरला.

"घाबरू नको. मी आठेच शे."

मशीन सुरू झालं. मी घड्याळाकडे बघत होते. पाच मिनिटं. दहा. तळहात एकमेकांवर घासून पाहिले. काही नाही. वीस मिनिटांनी डॉक्टरांनी इंजेक्शनं ट्रेमध्ये ठेवली आणि मी चार तास शांत झोपले.

दुसऱ्या मशिनवर धुळ्याकडचे एक वयस्कर नाना असायचे. त्यांनाही नव्या नळीच्या दिवशी छातीत दुखायचं, ते सगळ्यांनी हृदयावर ढकललं होतं. त्यांचीही नळी तशीच धुवायला लागल्यावर तेही थांबलं. मग सिस्टरनं सगळ्यांसाठीच तो नियम केला. एके दिवशी नाना आणि त्यांची बायको आमच्या गावी आले, अक्कांना लुगडं घेऊन. अक्का इतक्या अवघडल्या की स्वयंपाकघरातून बाहेरच येईनात.

"मना मनमा उनं ते मी सांगं," त्या आतूनच म्हणाल्या. "त्यामा काय एवढं?"

नानांची बायको आत गेली आणि चुलीपाशी त्यांच्या शेजारी बसली. किती तरी वेळ दोघी बोलत होत्या. नवरा, सून, दवाखाना, एसटीचे हाल. मी ओसरीवरून ऐकत होते.

दुसऱ्या वर्षी मुंबईत माझ्या आईनं मला तिची किडनी दिली. अक्काही द्यायला तयार होत्या, रक्तगट जुळला नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं. मुंबईहून परत आल्यावर मी पुन्हा शाळेत रुजू झाले आणि पुढे वीस वर्षं शिकवलं. अक्का त्यांतली चौदा वर्षं होत्या. मला किडनी कोणी दिली हे जो तो विचारतो, मीही सांगते, आईनं. पण आईची किडनी माझ्यापर्यंत पोचेपर्यंत मला जिवंत ठेवलं ते काचेबाहेर बसून पाहणाऱ्या एका बाईनं, तिचं बोलणं खरं मानणाऱ्या सिस्टरनं, आणि आपलं चुकलं असं तिच्यासमोर म्हणू शकणाऱ्या डॉक्टरांनी. हे मात्र कोणी विचारत नाही, म्हणून लिहून ठेवलं.