फळीवरची शेवटची जोडी

समुद्राकाठच्या त्या गावात पाहण्यासारखं एकच होतं, आणि तेही गावात नव्हतं. ओहोटी लागली की किनाऱ्यापासून बेटापर्यंत मैलभर वाळू उघडी पडे. बेटावर एक पडका बुरूज, हजारभर पक्षी आणि भोक पडलेला एक खडक. लाट आपटली की त्यातून कारंजं उडे. एवढ्यासाठी शहरातून बस भरभरून माणसं येत. त्यांना चालवत न्यायचं आणि भरतीच्या आत परत आणायचं काम वाटाड्याचं. एकोणतीस वर्षं तो हेच करत होता. गावात त्याला सगळे वाटाड्याच म्हणत. बायको तेवढी ‘अहो’ म्हणे.

माणूस तिरसट. बेटावर फोटो काढत रेंगाळणाऱ्यांच्या कानाशी जाऊन शिट्टी फुंकायचा. “समुद्र काय तुमच्या मामाचा आहे, थांबायला?” वाळूत वाटेच्या खुणेचे खांब रोवलेले होते. त्यातल्या मधल्या खांबाचं बूड ओलं झालं की पुढे पाऊल टाकायचं नाही, हा त्याचा कायदा. मंत्री आला तरी नाही.

पण हा शहाणा पहिल्याच वर्षी एका नव्या जोडप्याला बेटावर विसरून आला होता. डोकी मोजली होती म्हणे. पण डोकी एका जागी उभी राहतात थोडीच! तेव्हा तोडगा बायकोने काढला. वाळूत अनवाणीच चालावं लागतं, तर सगळ्यांनी चपला-बूट बांधावरच्या लांब फळीवर ओळीने काढायचे. ती शेजारी स्टुलावर बसून राहील. फळी रिकामी झाली की सगळे परत आले. “माणसं इकडेतिकडे करतात हो, चपला नाही करत,” ती म्हणाली होती. त्यानंतर एकही माणूस मागे राहिला नाही. गावाने त्याचं श्रेय वाटाड्याला दिलं, आणि त्यानेही ते निमूट घेतलं.

दोन वर्षांपूर्वी ती विसरायला लागली. आधी गॅस बंद करायला, मग घराची वाट, मग लेकीचं नाव. शहरातली लेक फोनवर रडायची. “बाबा, तिला इथे चांगल्या ठिकाणी ठेवू या. नर्स असतात, दाराला कुलूप असतं.”

“माझ्या बायकोला कुलूप?” तो खवळायचा. “ती दिवसभर माझ्या नजरेसमोर असते.”

हे खोटं होतं. रोज तीन तास ती त्याच्या नजरेआड, स्टुलावर, चहाच्या टपरीवालीच्या भरवशावर असायची. कामाला गेलो नाही तर खायचं काय, आणि तिला पाठवून दिलं तर जगायचं कशाला, या दोन प्रश्नांच्या कात्रीत त्याचा जीव अडकला होता.

त्या रविवारी सकाळी तिच्या निळ्या चपलेचा पट्टा उसवला. त्याने मासे धरायच्या दोऱ्याने टाके घालून दिले. “घट्ट नाही ना होत?”

“छान झालंय,” ती म्हणाली. “तुमची बायको नशीबवान आहे.”

हसावं की रडावं त्याला कळेना. तो हसला.

दोन बस आल्या. पन्नासावर माणसं, त्यात बेटावर एका बाईचा पाय मुरगळला. परतताना मधला खांब ओला होऊ लागलाच होता. वाटाड्याने शिट्टी फुंकून फुंकून सगळ्यांना बांधावर आणलं. लोकांनी चपला ओढल्या, पाय झटकले, बसकडे धावले. त्याने सवयीने फळीकडे पाहिलं. टोकाला एक जोडी उरली होती, नीट जुळवून ठेवलेली.

“कोण हा बावळट अनवाणी बसमध्ये चढला?” तो ओरडला आणि त्याने जोडी उचलली. निळी होती. पट्ट्याला दोऱ्याचे टाके होते.

स्टुलाजवळ तिची छत्री उघडीच पडली होती.

“आत्ता तर इथे होत्या हो!” टपरीवालीने किटली खाली ठेवली. “दोन-दोन बस, मला मान वर करायला फुरसत नाही…”

तो बसमध्ये शिरला. “पांढऱ्या केसांची बाई, अनवाणी. कुणी पाहिली का?”

“त्या काकू?” मागच्या सीटवरची एक मुलगी म्हणाली. “जाताना आमच्या मागूनच चालत होत्या. बुरुजावर किती छान माहिती सांगितली त्यांनी! आम्हाला वाटलं, तुमचंच माणूस आहे.”

“माझंच आहे,” तो म्हणाला, आणि बसमधून खाली उतरला.

पायाखालची वाळू सरकली असं आपण उगाच म्हणतो. त्याच्या पायाखालची तर एकोणतीस वर्षं रोज सरकत होती, आणि तो कधी डगमगला नव्हता. आज सिमेंटच्या पक्क्या बांधावर त्याचे पाय लटपटत होते. सगळ्यांनी चपला काढल्या म्हणून तिनेही काढल्या, सगळे निघाले म्हणून तीही निघाली. मोजणाऱ्या बाईला आजवर कुणी मोजलंच नव्हतं.

टपरीवालीने होडीसाठी फोन लावला. होडी यायला पाऊण तास. मधला खांब गुडघाभर पाण्यात गेला होता.

“जाऊ नका! तुमचाच कायदा आहे ना?” टपरीवाली ओरडली.

“खड्ड्यात गेला कायदा.”

पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. ती बेटावरच थांबली असेल, की सगळे गेलेले पाहून मागोमाग निघाली असेल? शेवाळाचा पुंजका वाहत आला, त्याला तिचे केस वाटले. फुगलेली पिशवी आली, त्याला तिची पाठ वाटली. “अगं! अगं ए!” तो बोंबलत होता. सगळा संसार ‘अगं’वर झाला होता, आणि आता वारा तेवढंही पोचू देत नव्हता. पाणी छातीला लागलं, वाळू चाचपायला घेतलेली काठी हातातून गेली. ज्या समुद्राला आयुष्यभर शिव्या दिल्या, त्यालाच त्याने हात जोडले. “तिला सोड. माझं काय करायचं ते कर.” मध्येच दोनदा पाय सुटले, नाकातोंडात पाणी गेलं. मग वाळू लागली.

ती बुरुजाच्या पायरीवर बसली होती. कोरडी, हात मांडीवर, स्टुलावर बसायची तशीच.

तो तिच्यापुढे कोसळला आणि हमसून हमसून रडला.

“अहो पाहुणे, असं पाण्यातून यायचं असतं का?” ती रागावली. “मधला खांब बघायचा. आमचे हे असते तर चांगली खरडपट्टी काढली असती तुमची.”

त्याला धाप लागली होती.

“मागे राहिलात वाटतं? घाबरू नका, मीही राहिलेय.” तिने सरकून जागा करून दिली. “चपला फळीवर काढल्यात ना?”

त्याने आपल्या पायांकडे पाहिलं. त्याच्या चपला त्या फळीवर कधीच नसायच्या. “नाही.”

“अगं बाई! मग तुम्ही राहिलात हे कळणार कुणाला?” तिचा जीव कळवळला. “बरं, असू दे. माझ्या आहेत. आठवणीने ठेवल्यात मी. त्या दिसल्या की ते येतील, तुम्हीही चला आमच्याबरोबर. ओरडतील थोडं, तोंडच तसं आहे त्यांचं. पण कुणाला मागे ठेवून जायचे नाहीत.”

“नक्की येतील?”

“म्हणजे काय! नवरा आहे माझा.”

पलीकडच्या काठावरून होडी निघालेली दिसत होती. त्याचा फोन खिशात भिजून गेला होता. काठावर पोचलं की टपरीवालीचा फोन घेऊन लेकीला सांगायचं होतं, ने तिला. पाणी छातीला लागलं तेव्हाच हे त्याला कळून चुकलं होतं.

तो तिच्या शेजारी पायरीवर बसला आणि तिच्याबरोबर तिच्या नवऱ्याची वाट पाहू लागला.