गिअर उजवीकडे
पेट्रोलचा वास आला की काटोल रोडवरची ती थंडीची सकाळ आठवते. मला बघायला आलेला मुलगा मला फार आवडला होता. दादा त्याला म्हणाला, "शर्यत जिंका, मगच बहीण देतो," आणि आपली जुनी विलायती मोटारसायकल त्याला देऊन स्वतः मित्राची घेतली. मी रुमाल खाली केला. दादा सुटला, मुलगा मात्र सवयीनं डाव्या पायाखालचा ब्रेकच गिअर समजून दाबत राहिला. "गिअर उजवीकडे आहे!" मी इतक्या जोरात ओरडले की पुढे गेलेला दादाही थांबला. "तुले कसं माहीत वं?" तो ऑफिसात गेल्यावर मी ती चालवायचे, हे कबूल करावं लागलं. "न्या हो हिले, जावईबापू," दादा म्हणाला, "माही गाडी तरी वाचंल!" तुमचे आजोबा अजूनही ती शर्यत आपणच जिंकली म्हणतात.