रिकाम्या हातानं पळायचं नाही

बशीरभाईंना मी पहिल्यांदा पळताना पाहिलं, तेव्हा मला वाटलं गिरणीत चोरी झाली. नुकतं उजाडलेलं, अंगात बनियन, खाली हाफ पँट, खांद्यावर दळणाचा डबा, आणि माणूस जीव मुठीत धरून पळतोय. मागे कुणीही नव्हतं.

"अहो, झालं काय?" मी फाटकातून ओरडलो.

"प्रॅक्टिस करायलो, सायब!" असं म्हणून ते वळणावर दिसेनासे झाले.

बशीरभाईंचं लातुरात सायकलचं दुकान होतं. दुकानात छताला सायकली टांगलेल्या आणि मालक पायी पळतोय, हे दृश्य गिऱ्हाईक टिकवायला फारसं उपयोगी नव्हतं. पण पन्नाशीला टेकल्यावर त्यांच्या डोक्यात बेचाळीस किलोमीटरची शर्यत शिरली होती. शहरातले काही डॉक्टर स्टेडियमवर पळायचे. त्यांच्या मनगटावर ठोके मोजणारी घड्याळं, पायात परदेशी बूट, आणि तासभर पळून झाल्यावर इडली-वड्याच्या दोन-दोन प्लेटी. त्यांच्या पोरांच्या सायकली दुरुस्त करता करता हा रोग बशीरभाईंना लागला.

आता पळायचं तर वेळ हवा, आणि वेळ त्यांच्या घरात कुणाचाच स्वतःचा नव्हता. मुलगी सना बारावीला होती. आमच्या लातुरात एक पोरगी बारावीला असली की घरातली सगळी माणसं बारावीला असतात. टीव्हीवर कापड टाकतात. पाहुण्यांना "परीक्षा झाल्यावर या" असं सांगतात, मग ती परीक्षा आठ महिन्यांनी का असेना. उजाडायच्या आत फिजिक्सचा क्लास, मग केमिस्ट्री, मग कॉलेजात फक्त हजेरी, मग बायोलॉजी. मधे डबा, मधे दूध, मधे नळाला पाणी आलं तर पाणी. बशीरभाई म्हणायचे, "पाय माझे हायत सायब, टाइम घरचा हाय."

त्यांच्या बायकोनं, नजमाभाभीनं, परवानगी दिली ती एका अटीवर. "पळा. पण रिकाम्या हातानं पळायचं न्हाई."

म्हणून दळण पळत जायचं. दूध पळत यायचं. सनाचा डबा क्लासला पळत पोचायचा, आणि वरणाची वाटी उभी ठेवून पळणं ही एक वेगळीच विद्या आहे. डॉक्टरमंडळी रविवारी 'लाँग रन' करायची. बशीरभाई रविवारी सासूबाईंची औषधं घेऊन औशापर्यंत पळत जायचे आणि एसटीनं परत यायचे. एकदा सासूबाईंनी प्रेमानं कोंबडी दिली. ती स्टँडवर हातातून सुटली. तो दिवस त्यांनी 'स्पीड प्रॅक्टिस' म्हणून धरला.

गल्लीला हा सगळा तमाशा वाटायचा. मलाही वाटायचा. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस, माझा व्यायाम म्हणजे दुसऱ्याच्या व्यायामावर बोलणं. पण ती अट कुठून आली, ते मला माहीत होतं, कारण तेव्हाही मी समोरच राहत होतो.

भूकंप झाला त्या पहाटे आमच्या गल्लीत घराबाहेर सगळ्यांत आधी पोचले ते बशीरभाई. एकटे. लिंबाखाली उभे राहून ते ओरडत होते, "बाहेर या, बाहेर या!" त्यांच्यामागून नजमाभाभी आल्या. कडेवर तान्ही सना, आणि दुसऱ्या हातानं ओढत आणलेली बशीरभाईंची आई. घर पडलं नाही, एका भिंतीला चीर गेली एवढंच. भाभींनी नवऱ्याकडे, नंतर त्याच्या मोकळ्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पळायला लई हुशार हायसा." गल्लीत कुणीतरी हसलंसुद्धा. उजाडल्यावर किल्लारीकडच्या बातम्या आल्या, मग कुणाला हसू आलं नाही.

भाभींनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही. न काढता तो सतरा वर्षं घरात ठेवणं त्यांना छान जमलं. बशीरभाईंना शर्यत जिंकायची नव्हतीच. भाभींनी एकदा "जावा, मोकळ्या हातानं पळा" म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं. तसं मला त्यांनी एकदा पंक्चर काढता काढता सांगितलं आणि लगेच ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत बसले.

शर्यत नांदेडला होती. त्याच रविवारी सनाच्या क्लासची सराव परीक्षा नांदेडच्या शाखेत निघाली, म्हणून परवानगी मिळाली. नाहीतर बेचाळीस किलोमीटर गेले असते खड्ड्यात. माझ्या गाडीतून आम्ही आदल्या दिवशी गेलो. सकाळी बशीरभाईंना शर्यतीला सोडलं, सनाला परीक्षेला सोडलं, आणि मी नि भाभी शर्यतीच्या परतीच्या वाटेवर एका चौकात उभे राहिलो. भाभींच्या हातात पिशवी होती. सनाचा डबा.

डॉक्टरमंडळी केव्हाच निघून गेली होती. उन्हं चढली. वाहतुकीचा हवालदार दोरी सोडायला लागला, तेव्हा बशीरभाई आले. पाय फेंगडे पडत होते, ओठ पांढरे. भाभी दिसल्या आणि ते थांबले. सवयीनं हात पुढे केला.

"द्या. कुठं पोचवायचंय?"

भाभींनी पिशवी पाठीमागं लपवली. "कुठं न्हाई. आज मोकळ्या हातानं जावा."

बशीरभाई हात पुढे करून तसेच उभे. "खरंच?"

"हाव. झालं गेलं समदं सोडलं मी. ते बी सोडलं. जावा आता, मंडप काढायलेत."

ते रडत पळाले. मंडप खरंच अर्धा निघाला होता, केळी संपली होती, आणि पदक देणारे पाहुणे जेवायला गेले होते. खुर्च्या उचलणाऱ्या माणसानं त्यांच्या गळ्यात पदक घातलं. सनाला त्या परीक्षेत जेमतेम मार्क पडले आणि पुढं ती कॉमर्सला गेली. गल्लीनं त्याचा रीतसर दुखवटा पाळला.

लातूरला परतल्यावर दुसऱ्याच सकाळी मी फाटकात उभा होतो. बशीरभाई आले. लंगडत, पण पळत. खांद्यावर दळणाचा डबा.

मी म्हटलं, "आता कशाला, बशीरभाई? भाभींनी तर सोडलं की तुम्हाला."

ते थांबले. डबा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला.

"तिनं सोडलं हो, सायब. म्या कुठं सोडलंय?"

मी फाटक धरून त्यांना गिरणीकडे जाताना बघत राहिलो.